जंगलाला शेणखत कोण घालतं?

आज आपण मातीबद्दल बोलू या. माती म्हटलं की आपल्याला उसाची सरी, बांधावरचं गवत आणि दिवसभर भांगलून अवघडलेली कंबर आठवते. पण आजची सुरुवात जरा लांबच्या मातीपासून करू.

राधानगरी-दाजीपूरचं जंगल तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिलं असेल. गव्यांसाठी राखलेलं हे अभयारण्य १९५८ सालचं. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत राधानगरीही आहे. आता सांगा, एवढ्या जंगलाला शेणखत कोण घालतं? युरियाची पोती कोण नेऊन टाकतं? पाणी कोण पाजतं? कुणीच नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या तिथं जांभूळ, हिरडा, अंजन, पिसा अशी झाडं दाटीनं उभी आहेत. आणि इकडे आपल्या कुरुंदवाडला, दोन नद्यांच्या कुशीत, चांगली खोल काळी जमीन असूनही खताच्या पोत्यांवाचून आपलं पान हलत नाही.

असं का होतं, हे कळलं तर आपल्या रानात काय करायला हवं आणि काय थांबवायला हवं, तेही कळेल. आपल्या भागात शेतालाही रान म्हणतात आणि जंगलालाही रानच म्हणतात. म्हणजे दोघांचं नातं आपल्या बोलीनं कधीच ओळखलेलं आहे.

डोंगरची माती श्रीमंत नाही

पुष्कळांना वाटतं, जंगल दाट आहे म्हणजे तिथली जमीन कसदार असणार. प्रत्यक्षात तसं नाही. गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आपल्या शिरोळ तालुक्यात पडतो पाचशे-सहाशे. म्हणजे आपल्या आठ-दहा वर्षांचा पाऊस तिकडे एका वर्षात कोसळतो. एवढं पाणी मातीतून गेलं की त्यात विरघळणारं सगळं धुऊन जातं. चुना जातो, पालाश जातं, नत्र जातं. मागं उरतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून तिथली माती तांबडी, आंबट गुणाची आणि बऱ्याच ठिकाणी पातळ असते. खाली लगेच जांभा दगड किंवा काळा खडक लागतो.

हे सगळं वाहून येणारं पाणी कुठं जातं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त समजली जाणारी सरस्वती मिळून पंचगंगा होते, आणि ती आपल्या दारात येऊन कृष्णेला भेटते. संगमाजवळच्या मळीत जी वांगी आणि भाजीपाला पिकतो, त्या मळीचा गाळ वरून आलेला आहे. हजारो वर्षं डोंगर आपल्याला देत आला.

मग स्वतःची माती इतकी धुतली जात असताना डोंगरातलं जंगल जगतं कशावर? त्याचं उत्तर वरच्या चार बोटांच्या थरात आहे. जंगलात कुठल्याही झाडाखाली बसून जमिनीकडे नीट पाहिलं, तर वर कोरडी पानं दिसतात. ती जरा बाजूला केली की ओलसर, जाळी पडलेली, अर्धवट कुजलेली पानं. त्यांच्यात पांढरे दोरे फिरलेले असतात. त्याखाली काळसर, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखी माती. तिला पावसाळ्यातला पहिला वास येतो. आणि त्याखाली मग तांबडी माती सुरू होते.

जंगलाचं सगळं भांडार या वरच्या थरात आहे. तेही साठवून ठेवलेलं नाही, सतत फिरतं आहे. पान पडतं, कुजतं, त्यातलं अन्न सुटतं न सुटतं तोच मुळं ते उचलतात आणि पुन्हा नवं पान येतं. घरात मोठी शिल्लक नाही, पण रोजचा पैसा हातोहात फिरतो आणि संसार थाटात चालतो, तसं. फिरवण्याचं हे काम करणारे जीव इतके बारीक आहेत की डोळ्यांना दिसत नाहीत.

एक चमचा मातीतलं गाव

आपण चहात साखर घालतो तो चमचा घ्या. तेवढ्या चांगल्या मातीत जिवाणूंची संख्या शंभर कोटींच्या घरात असू शकते. त्यांच्या जाती हजारोंनी. शिवाय बुरशीचे धागे असतात. केसापेक्षा कितीतरी बारीक, पण एकापुढे एक जोडले तर त्याच चमच्यातून अनेक मीटर लांबीचा धागा निघेल. त्यांच्याबरोबर जिवाणूंना खाणारे एकपेशीय जीव आहेत, सूत्रकृमी आहेत. डोळ्यांना दिसणाऱ्यांत गांडूळ, वाळवी आणि हात लावला की वेटोळं करून बसणारा पैसा किडा.

सूक्ष्मजीव म्हटलं की आपल्याला आजार आठवतो. पण आपण बायका रोज सकाळी त्यांच्याशीच व्यवहार करत असतो. रात्री दुधाला विरजण लावलं, ते जिवाणूंना लावलं. इडलीचं पीठ फुगलं, ते त्यांनी फुगवलं. विरजण कमी पडलं, थंडी जास्त झाली किंवा दूध फार गरम असताना विरजण टाकलं, तर दही लागत नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मातीचंही तसंच आहे. तिथल्या जिवांना खायला लागतं, ओल लागते, हवा लागते आणि अंगाला सोसेल अशी ऊब लागते. यातलं एक बिघडलं की काम मंदावतं.

आता एका पानाची गोष्ट बघू. फाल्गुनात जांभळाचं एक पान खाली पडलं. आधी पैसा किडा, वाळवी असे जीव त्याचे तुकडे करतात. पाऊस पडला की पानातली साखर आणि मऊ भाग जिवाणू खाऊन टाकतात. हे काम लवकर होतं. मग उरतात शिरा आणि कडक भाग. लाकडाला लाकूडपण देणारा जो चिवट पदार्थ असतो, तो पचवणं फार थोड्यांना जमतं. तिथं बुरशी लागते. कुजक्या ओंडक्यावर कानासारखी उगवलेली छत्री पाहिलीत ना, ती या बुरशीचं फळ. खरी बुरशी आत धाग्यांच्या रूपानं लाकूड पोखरत असते. तिच्यातल्या काही जाती अंधारात चमकतात. भर पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात दिवे मालवून डोळे अंधाराला सरावू दिले, की पडलेल्या फांद्या फिकट हिरव्या उजेडानं उजळलेल्या दिसतात. त्यात भुताटकी काही नाही, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा तो प्रकाश आहे.

घाटाकडे आणि कोकणात पावसाच्या सुरुवातीला वारुळावर अळंब्या उगवतात, त्यांची गंमत तर आणखी वेगळी. वाळवीला लाकूडपाला नीट पचत नाही. म्हणून ती वारुळात त्याचा लगदा करून त्यावर बुरशीची शेती करते आणि ती बुरशी खाते. आपण आवडीनं खातो ती अळंबी म्हणजे वाळवीच्या शेतातलं पीक. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. अळंबी ओळखणारं जाणतं माणूस बरोबर नसेल, तर रानातली कुठलीही छत्री घरी आणू नका. विषारी जाती दिसायला अगदी सारख्या असतात, आणि शिजवल्यानं त्यांचं विष जाईलच असं नाही.

पहिल्या पावसाचा वास मघाशी आला. तोही या जिवांचाच आहे. बुरशीसारखे धागे काढणारा जिवाणूंचा एक गट मातीत असतो. त्यांनी तयार केलेला एक पदार्थ थेंबांबरोबर हवेत उडतो आणि आपण म्हणतो, मृद्‌गंध आला. याच गटातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ आणि सेलमन वॅक्समन यांनी स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. क्षयरोगावर गुण देणारं ते पहिलं प्रतिजैविक. त्याआधी क्षय झाला म्हणजे घरानं माणसाची आशा सोडायची. वॅक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. कितीतरी घरांतल्या लेकीसुना मातीतल्या त्या जिवाणूमुळं वाचल्या.

मुळांचा देवाणघेवाणीचा व्यवहार

पान कुजून अन्न सुटलं, तरी ते मुळापर्यंत पोचायला हवं. विशेषतः स्फुरद. हे फार आळशी द्रव्य. मातीला चिकटून बसतं, पाण्याबरोबर हलत नाही. तांबड्या मातीत तर लोखंडाला घट्ट धरून राहतं. झाडाचं मूळ जिथवर पोचतं, तिथलंच काय ते त्याला मिळणार.

इथं दुसऱ्या प्रकारची बुरशी कामाला येते. ती मुळाच्या आत शिरून राहते आणि बाहेर दूरवर आपले बारीक धागे पसरते. मुळाला जिथं शिरता येत नाही, तिथं हे धागे शिरतात, स्फुरद आणि पाणी गोळा करतात आणि झाडाला आणून देतात. बदल्यात झाड तिला पानांत बनवलेली साखर देतं. जर्मनीच्या अल्बर्ट फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ साली या जोडीला मायकोरायझा असं नाव दिलं. मायकोरायझाची पुडी किंवा बाटली आज खताच्या दुकानात मिळते, तेच हे. आपल्या घाटातल्या बहुतेक झाडांच्या मुळांत ही बुरशी असते. आपल्या उसात असते, ज्वारीत असते, हरभऱ्यात असते. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा यांच्या घराण्याला मात्र ती मानवत नाही. म्हणून कोबीला मायकोरायझाची पुडी घालून पैसे वाया घालवू नका.

या व्यवहारातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण मुळाशी भरपूर स्फुरदाचं खत ओतलं, की झाड बुरशीला साखर देणं कमी करतं. घरबसल्या मिळतंय तर वाटा कशाला द्यायचा! बुरशी उपाशी राहते आणि कमी होते. पुढच्या वर्षी खत कमी घातलं, तर मदतीला बुरशी उरलेली नसते. खताची सवय लागते ती अशी. खत वाईट असं आम्ही म्हणत नाही. माती तपासून, लागेल तेवढंच घाला, एवढंच आमचं म्हणणं आहे.

नत्राचा व्यवहार दुसरा. आपल्या डोक्यावरच्या हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला ते तसं घेता येत नाही. काही जिवाणूंना ते साधलं आहे. ताग, चवळी, भुईमूग हळूच उपटून मुळं पाहा, बारीक गाठी दिसतील. एखादी गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे असं समजा. जंगलात शिरिषासारखी शेंगवर्गातली झाडं हेच काम करतात.

ऊस शेंगवर्गातला नाही, त्याच्या मुळांवर गाठी नसतात. पण उसाच्या आतही नत्र मिळवून देणारे जिवाणू राहतात, हे जगाला समजलं ते ब्राझीलमध्ये, आणि त्यामागं एक बाई होती. तिचं नाव योहाना डोबेरायनर. जन्म १९२४ सालचा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या कुटुंबाला देशोधडीला लागावं लागलं. तिनं शेतावर मजुरी केली, मग म्युनिकला शेतीचं शिक्षण घेतलं आणि पुढे ब्राझीलला जाऊन रिओजवळच्या सेरोपेडिका या गावी मातीतल्या जिवाणूंवर जन्मभर काम केलं. नत्राचं रासायनिक खत घातल्याशिवाय शेती होत नाही असं सगळे म्हणत असताना तिनं जिवाणूंचा आग्रह धरला. ब्राझीलचं सोयाबीन आज मुख्यतः जिवाणूंनी दिलेल्या नत्रावर पिकतं, त्यात तिचा मोठा वाटा आहे. उसातला जो जिवाणू तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली जगापुढं मांडला, त्याला आपले शेतकरी ॲसेटोबॅक्टर म्हणून ओळखतात. बेणंप्रक्रियेची ती बाटली पुन्हा हातात आली की या बाईची आठवण ठेवा.

देवराईचा नियम

डोंगरातल्या लोकांना सूक्ष्मजीव हा शब्द माहीत नव्हता, पण पालापाचोळ्याची किंमत माहीत होती. देवराया हा त्याचा पुरावा आहे. सह्याद्रीत गावोगावी देवाच्या नावानं राखलेलं रान असतं. कित्येक ठिकाणी नियम कडक. तिथलं झाड तोडायचं नाहीच, पण पडलेलं लाकूड आणि वाळकी पानंही बाहेर न्यायची नाहीत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व पुढं आणलं. आजूबाजूचा डोंगर उघडा पडला तरी देवराईत गच्च झाडी आणि जिवंत झरा टिकून राहिलेला अनेक ठिकाणी दिसतो. पानं जिथं पडली तिथंच राहिली, म्हणून खालच्या जिवांना कायम खायला मिळालं. त्यांनी माती भुसभुशीत ठेवली. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकटा यांनी मातीचे कण बांधून बारीक रवाळ खडे होतात. त्यांच्यामधल्या फटींतून पाणी खाली मुरतं आणि झऱ्याला येतं.

त्याच डोंगरात राबाची पद्धतही आहे. भाताच्या किंवा नाचणीच्या तरव्यासाठी जागेवर फांद्या, पाला आणि शेण पसरून जाळायचं. राखेनं रोपांना जोम येतो आणि तणाचं बी मरतं. डोंगरउतारावर अपुऱ्या साधनांत शेती करणाऱ्यांनी काढलेला तो मार्ग आहे, त्यांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. पण किंमत द्यावी लागते. राखेत पालाश आणि स्फुरद उरतं, पानांतलं नत्र आणि कर्ब धुरावाटे जातं. आणि ज्या झाडांचा पाला दरवर्षी ओरबाडला, त्यांच्याखालच्या जिवांच्या तोंडचा घास जातो.

आता आपल्या रानाकडे

डोंगरातला राब तरव्यापुरता असतो. आपण मात्र एकरच्या एकर पेटवतो. ऊस तुटून गेला की फडाला काडी लावायची, ही आपल्याकडची सवय. संध्याकाळी आभाळात काळी काजळी उडते आणि सकाळी अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, हे आपण सगळ्यांनी सोसलं आहे.

एका एकरात साधारण तीन ते चार टन पाचट निघतं. शंभर किलो पाचटात सुमारे अर्धा किलो नत्र धरलं, तर एकरात पंधरा ते वीस किलो नत्र झालं. म्हणजे युरियाचं जवळजवळ पोतं आपण पेटवून देतो आणि मग दुकानातून पोतं विकत आणतो. पण खरं नुकसान त्याहून मोठं. त्या पाचटात टनाच्या हिशेबात कर्ब असतो. तेच मातीतल्या जिवांचं जेवण. मातीपरीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब असा एक रकाना असतो. तिथं ०.४० पेक्षा कमी आकडा असेल तर कर्ब कमी असं समजतात. बहुतेक घरांत तो कागद कपाटात पडून असतो. आज काढून तेवढा आकडा बघाच.

पाचट का जाळतात, त्यालाही कारणं आहेत. पाणी देताना अडथळा होतो, खोडव्याच्या मशागतीला अडचण येते, उंदीर आणि सापाची भीती असते. त्यावर सांगितली जाणारी पद्धत अशी. तोडणीनंतर पाचट सरीत दाबून बसवायचं आणि बुडखे मोकळे ठेवायचे. उंच राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटायचे. मग एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर पसरायचं. त्यावर ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकायचं आणि पाणी द्यायचं. पाचट मातीला टेकलं आणि ओल राहिली की तीन-चार महिन्यांत कुजायला लागून काळं पडतं.

युरिया का, असं तुम्ही विचाराल. पाचटात कर्ब खूप आणि नत्र थोडं. नुसती भाकरी वाढली, कालवण नाही, तसं. जिवाणूंना ते पचवायला नत्र हवं असतं. बाहेरून दिलं नाही, तर ते मातीतलं उचलतात आणि पीक पिवळं पडतं. पाचट ठेवलं आणि ऊस पिवळा पडला अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागं बहुतेक वेळा हेच असतं. पाचट कुजत गेलं की जिवाणूंनी घेतलेलं नत्र पिकाला परत मिळतं.

आणखी एक बोलायला हवं. पाचट झाकलेल्या सरीत तण कमी उगवतं, म्हणजे भांगलण कमी. स्वतःचं रान असलेल्या बाईला हा आरामच. पण भांगलणीच्या मजुरीवर जिचं घर चालतं, तिचे रोज बुडतात. हा प्रश्न खरा आहे आणि तो झाकून ठेवून चालणार नाही. बचतगटांनी एकत्र बसून त्याचा विचार करावा. पाचट सरीत बसवणं, बुडखे छाटणं ही कामंही मजुरीची आहेत, आणि ती बायकांच्या हाती योग्य दरानं यावीत, असा आग्रह धरता येईल. गांडूळखताचा धंदाही गटाला जमण्यासारखा आहे.

महापुराचं बोलल्याशिवाय कुरुंदवाडात मातीचं बोलणं पुरं होत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली आपण पाणी पाहिलं. डोंगरात जंगल राहिलं असतं तर पूर आलाच नसता, असं कुणी म्हणेल. तेवढं सोपं ते नाही. अनेक दिवस धो धो पाऊस पडला की जंगलाची मातीही भरून जाते आणि पुढचं पाणी वाहूनच येतं. पण एरवीच्या पावसात तीच माती पाणी मुरवते, उन्हाळ्यात झऱ्यांना देते आणि नदीत येणारी माती अडवते. आपल्या दृष्टीनं हे थोडं नाही.

पुराचं पाणी आठवडाभर रानात तुंबलं की मातीतली हवा संपते. हवेवर जगणारे जिवाणू मागं पडतात आणि बिनहवेचे माजतात. पाणी ओसरल्यावर नासक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्यांच्यामुळं. मातीतलं नत्रही या काळात हवेत उडून जातं. म्हणून आधी चर काढून पाण्याचा निचरा करायचा, वापसा येऊ द्यायचा आणि मगच खत घालायचं. चिखलात घातलेला युरिया बराचसा वाया जातो. आपल्या तालुक्यातल्या क्षारपड जमिनींचंही असंच आहे. जिवाणूंची बाटली ओतून क्षार जात नाहीत. आधी निचरा हवा, सच्छिद्र पाईपचा असो की चराचा. त्यानंतर हिरवळीचं खत, पाचट, शेणखत यांचा उपयोग होतो.

घरच्या घरी करायची परीक्षा

आपली माती किती जिवंत आहे, ते तपासायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे हातभर तुकडे घ्या. पूर्ण सुती हवेत, पॉलिस्टर चालणार नाही. एक तुकडा परड्यातल्या झाडाखाली, एक पाचट ठेवलेल्या रानात आणि एक पाचट जाळलेल्या रानात पुरा. सगळे चार बोटं खोल. जागेवर काठीची खूण करा आणि तिन्हीकडे ओल सारखी राहील असं बघा. दोन महिन्यांनी काढा. सुती कापड हे झाडाचंच अंग, मातीतल्या जिवांना ते खाणं आहे. जिथं त्याची जाळी झाली असेल, तिथली माती जिवंत आहे. जिथून कापड जवळजवळ जसंच्या तसं निघालं, तिथं जीव उपाशी आहेत.

सुरुवात परड्यापासून करता येते. दारातला पाला झाडून पेटवू नका. सावलीत एक खड्डा किंवा विटांचं आळं करून त्यात टाका. मधूनमधून शेण आणि भाजीची देठं टाका, पाणी शिंपडा. हवा लागावी म्हणून महिन्यातून एकदा वरखाली करा. कुबट वास आला तर पाणी जास्त झालं असं समजा आणि कोरडा पाला घाला. जीवामृतासाठी मूठभर जिवंत माती लागते, ती आपल्याच बांधावरच्या झाडाखाली मिळते. त्यासाठी अभयारण्यातून माती आणू नका. ते कायद्यात बसत नाही आणि त्याची गरजही नाही.

मातीत हात घालणाऱ्या सगळ्यांसाठी एक सूचना. माती जिवंत आहे म्हणजे तिच्यात सगळेच जीव गुणाचे आहेत असं नव्हे. धनुर्वाताचे जिवाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं टिकून राहतात. कोयत्यानं, खुरप्यानं कापलं तर जखमेवर माती, राख किंवा शेण लावू नका. साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का, हे आरोग्य केंद्रात विचारा. पायाला भेगा असतील तर ओल्या रानात अनवाणी उतरू नका.

यंदा तोडणी झाली की घरात फडाला काडी लावायचा विषय निघेलच. सगळं रान नाही, तर निदान चार सऱ्या पाचटासकट ठेवायला घरच्यांना राजी करा. शेजारच्या जाळलेल्या चार सऱ्यांशी त्यांची तुलना करा. पाणी किती दिवसांनी द्यावं लागलं, तण किती आलं, गांडुळं किती दिसली, हे एका वहीत लिहून ठेवा. घरात बोलताना ती वही तुमच्या बाजूनं बोलेल. आणि कापडाच्या तुकड्यांचं काय झालं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या एखाद्या भागात तुमच्याच नोंदी वाचून दाखवू. तोवर नमस्कार!